दुसरा डबा

दांडेकर पूल, पुणे ३०
बुधवार, १२ एप्रिल २००६

प्रिय शर्मिला,

सप्रेम जयभीम.

माझ्या ३० जानेवारीच्या पत्रात दोन चुका आहेत. आधी त्या दुरुस्त करते, मग बाकीचं.

मी लिहिलं होतं की ऑफिसातल्या मायक्रोवेव्हवरची पाटी श्यामसुंदर सरांनी सांगितली तशीच मी लिहिली. ते खरं नाही. सर एवढंच म्हणाले होते, "मायक्रोवेव्ह स्वच्छ ठेवा, असं एक लिहून लाव. तुझं अक्षर चांगलं आहे." पाटीवरची पहिली ओळ त्यांची. दुसरी ओळ त्यांनी सांगितली नव्हती. ती माझी.

दुसरी चूक. मी लिहिलं होतं की पाटी संध्याकाळी सगळे गेल्यावर लावली, त्यामुळे तू ती कधी वाचलीस ते मला माहीत नाही. पाटी शुक्रवारी, १८ नोव्हेंबरला, दुपारी एक वाजता लावली. तू माझ्या मागे उभी होतीस. माझे दोन्ही हात कागदावर होते, म्हणून चिकटपट्टीचे तुकडे तू कापून दिलेस. चार.

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, कधी झाली, कुठे झाली, कुणामुळे झाली ते नोंदवायचं, हेच आपल्या दोघींचं काम होतं. मी अजूनही दिवसभर तेच करते. आणि एका दोन पानी पत्रात मला खरं लिहिता आलं नाही. ते पत्र मी ऑफिसात बसून लिहिलं होतं. वर 'सप्रेम नमस्कार' घातलं, तेही त्याचमुळे. शेजारून कुणी वाचलं तर, अशी धाकधूक होती. तू उत्तरात एकच ओळ पाठवलीस. 'पत्र मिळालं, काकूंना जयभीम सांग.' तुझा तो जयभीम मी परवाच्या रविवारपर्यंत आईला पोचवला नव्हता. का, ते पुढे येईल.

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा गुडघा दुखतो, म्हणून मार्केट यार्डात त्यांनी पोती उचलणं सोडलं, आता वजनकाट्यावर बसतात. ऊन फार आहे. तुझा समाधानदादा आणि वहिनी कसे आहेत? तुझ्या पाकिटावर उदगीरच्या कॉम्प्युटर क्लासचा शिक्का होता. त्यावरून तू तिथे शिकवतेस असं समजलं. मुलांना तू छान शिकवत असशील. मला तू एक्सेल शिकवलंस तेव्हा एकदाही 'एवढं येत नाही?' म्हणाली नव्हतीस.

इथून पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. तरी क्रमानं लिहिते. क्रम सोडला की मी मधलं गाळते, हे आता माझं मला कळलं आहे.

त्या पत्रात मी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की मला आता डबा न्यायची सवय लागली. ती सवय कशी लागली ते लिहिलं नव्हतं.

नोकरीचं पहिलं वर्ष मी डबा नेलाच नाही. आईला सांगितलं, कंपनी जेवायला देते. कंपनी कूपन देते आणि त्याचे पैसे कापते, हे सांगितलं नाही. डब्यात काय न्यावं हेच मला ठरवता येत नव्हतं. आमच्या घरातून ऑफिसात जाणारी मी पहिलीच. आईबाबा कामावर नेतात ती फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर ठेचा. विचारायचं कुणाला?

मग आपल्या टीममधली अस्मिता म्हणाली, "किती दिवस ते कँटीनचं पिवळं पाणी पिणार आहेस? डबा आण आणि आमच्यात बस." त्यांच्यात बसायची रीत तुला ठाऊक आहे. टेबलाच्या मधोमध आमोदच्या मोठ्या डब्याचं झाकण उलटं ठेवायचं, प्रत्येकानं आपल्यातलं चमचाभर त्यावर वाढायचं, आणि मग सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. मी दोन आठवडे नुसती बघत होते. सोमवारी कुणी काय आणलं, कोणती भाजी आधी संपते, कोणती झाकणावर राहते. पाठ झाल्यावर आईला म्हटलं, मला पोळी दे, भाकरी नको. बटाट्याच्या काचऱ्या दे, नाहीतर फ्लॉवर. लसूण नको. किंचित गूळ घाल.

आई हसली. "ही तर मंदाकिनीबाईंची भाजी."

शनिवार पेठेत मंदाकिनीबाईंकडे आई बावीस वर्षं भांडी घासते. "मी कधी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले नाही," ती म्हणाली, "पण कुणाच्या घरात काय शिजलं, काय करपलं, मला पातेल्याच्या बुडावरून कळतं." आणि खरंच, पहिल्याच दिवशी काचऱ्या अशा झाल्या की झाकणावर एक उरली नाही. त्यानंतर मी रोज बटाटा न्यायला लागले. बटाट्यात चुकण्यासारखं काही नसतं. आमोद विचारायचा, "आम्रपाली, तुमची बटाट्याची शेती आहे का?" मी हो म्हणायचे. सगळे हसायचे. अशी लागली मला डब्याची सवय.

जुलैत तू आलीस. सप्टेंबरातल्या एका रविवारी आमच्या घरी जेवलीस. आईनं सुकट केलं होतं. तू तीन भाकरी खाल्ल्यास आणि चौथी अर्धी मागितलीस. आईनं विचारलं, "खोलीवर काय खातेस गं?" तू म्हणालीस, "मॅगी, काकू. मुकुंदनगरच्या मालकीणकाकू अंडंसुद्धा उकडू देत नाहीत. म्हणतात, भिंतींना वास लागतो." आई म्हणाली, "भिंतींना नाक असतं होय? उद्यापासून आमच्या पोरीबरोबर तुझा डबा धाडते."

तेव्हापासून मी दोन डबे नेत होते. एकात मंदाकिनीबाईंची भाजी, एकात आमची. सात-चाळीसला स्वारगेटला कंपनीच्या बसमध्ये चढलं की तुझा डबा तुझ्या मांडीवर ठेवायचे. तू झाकण जरा उचलून वास घ्यायचीस, आणि मी पुढच्या सीटवर कोण आहे ते बघायचे.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही तुझ्या आजीची शिकवण. खोलीवर तुझ्याकडे साखरेचा दाणा नसायचा. मग तू कॉफी मशीनजवळची साखरेची पुडी टाकायचीस, कधी दोन शेंगा, एकदा सोनचाफा. मी तुला रागावायचे की कंपनीची साखर कंपनीतच प्यायची असते, घरी नेणं बरोबर नाही. तू म्हणायचीस, "मी बिनसाखरेची कॉफी पिते, ही माझ्या वाट्याची." तुझ्या या पुड्यांना आई हात लावायची नाही. काचेच्या बरणीत साठवायची. म्हणायची, शर्मिलाची साखर.

आता गुरुवार, १७ नोव्हेंबर.

त्या दिवशी डब्यात सुकट-कांदा होता. एसीनं गार झाला म्हणून तू तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवलास. मी टेबलाशी होते, झाकणावर काचऱ्या वाढत होते. वास मला सगळ्यांच्या आधी आला. मी त्यातच वाढले आहे. अस्मिता म्हणाली, "कुणीतरी अख्खं कोकण गरम करतंय वाटतं." आमोद म्हणाला, "पलीकडे क्लायंट बसलाय, त्याला वाटेल कंपनी आता मासेमारीत उतरली." मग अस्मितानंच विचारलं, "कुणाचा आहे डबा?"

तो माझ्या आईनं पहाटे उठून केलेला डबा होता. तो मी बसमधून आणला होता. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी चमचा पुसत होते. मग तू म्हणालीस, "माझा आहे. सॉरी हं."

अस्मिता लगेच म्हणाली, "अगं, सॉरी कसलं, आमच्यातही खातात लोक. बाहेर." तासाभरात ती विसरूनही गेली असेल. विसरले नाही ती मी. रोज बसमध्ये मी तुला डबा देते, हे कुणीतरी पाहिलं असेल. दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो. मी दिवसभर तेवढाच हिशेब करत होते. दुसऱ्या दिवशी सरांनी पाटी लिहायला सांगितली, तेव्हा मला वाट सापडली. जो पाटी लिहितो, त्याचा डबा कुणी हुंगत नाही.

ती दुसरी ओळ मी तुला परत लिहून दाखवणार नव्हते. पण ती माझी आहे हे नुसतं म्हणून भागणार नाही.

'उग्र दर्पाचे पदार्थ येथे गरम करू नयेत. इतरांनाही नाके आहेत.'

सगळ्यांना फार आवडली. आमोदनं फोटो काढला. अस्मिता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "अस्सल पुणेरी. आता तू खरी आमच्यातली." शर्मिला, मला तेव्हा आनंद झाला. वाईट नंतर वाटलं. आधी आनंद झाला, हेही क्रमानं लिहायला हवं.

सोमवारी तू म्हणालीस, "मी खाली पार्किंगच्या जिन्यात बसत जाईन. तिथे ऊन छान येतं." मी म्हटलं, "बरं." त्यानंतरचे सहा आठवडे मी रोज सकाळी तुला डबा देत होते, दुपारी तू तो जिन्यात बसून गार खात होतीस, आणि मी वर झाकणावर बटाटे वाढत होते. एकदाही खाली आले नाही. संध्याकाळी डब्यात साखरेची पुडी असायचीच.

इथपर्यंतचं तुला माहीत होतं. यापुढचं नाही. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

१४ डिसेंबरला श्यामसुंदर सरांनी मला आत बोलावलं. तुझी सहा महिन्यांची परीक्षा जवळ आली होती, तुला कायम करायचं की नाही ते लिहायचं होतं. तुझं काम चांगलंच आहे, म्हणाले. मग विचारलं, "टीममध्ये मिसळते का? जेवताना दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही सर. हल्ली ती वेगळी बसते."

"का?"

"तिलाच विचारावं लागेल, सर."

एकही शब्द खोटा नव्हता. मी तेव्हा स्वतःशी तेच म्हटलं, आणि नंतर कितीतरी दिवस तेच म्हणत राहिले. त्यांनी तुला विचारलं नाही. फॉर्मवर लिहिलं, 'कामात चोख, संघात मिसळत नाही', आणि तुझी मुदत तीन महिने वाढवली. तू मला विचारलं होतंस, "आमू, असं कुणी सांगितलं असेल गं?" मी म्हटलं होतं, "सरांचं काही सांगता येत नाही." हा शब्द मात्र पूर्ण खोटा होता. ३० डिसेंबरला तू राजीनामा दिलास. तुझी ट्रंक मीच स्वारगेटपर्यंत आणली. एसटीच्या खिडकीतून तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "काकूंच्या हातचं मिस करीन."

घरी येऊन मी आईला काहीच सांगितलं नाही. ती गेली म्हटलं असतं तर तिनं 'का' विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर म्हणजे ती पाटी; वाचता न येणाऱ्या आईपुढे मला ती वाचून दाखवावी लागली असती. म्हणून २ जानेवारीला आईनं दोन डबे भरले आणि मी दोन्ही घेऊन निघाले.

अन्न टाकायची माझी हिंमत नाही. सव्वा वाजता मी सगळ्यांबरोबर पोळी आणि बटाटा खायचे. चार वाजता तुझा डबा घेऊन पार्किंगच्या जिन्यात जायचे आणि तिथे सुकट, बोंबील, ठेचा, जे असेल ते खायचे. चार वाजता तिथे ऊन नसतं. सव्वा वाजता असतं का, मी कधी बघितलं नाही. मग डबा पॅन्ट्रीच्या सिंकमध्ये घासून, पुसून, कोरडा करून घरी न्यायचे. सगळे कपडे घट्ट झाले. अस्मिता म्हणाली, "आम्रपाली, बटाटे सोड आता." तीन महिने असं चाललं. आईनं रोज विचारलं, "शर्मिलाला आवडलं का?" मी रोज हो म्हटलं.

परवाच्या रविवारी आई म्हणाली, "चौदा तारखेला शर्मिलाला जेवायला बोलव. पुरणाच्या पोळ्या करते."

मी म्हटलं, "ती भावाकडे जाणार आहे."

"अगं, गेलीच आहे ना ती?"

आईनं फळीवरची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. तुझ्या पुड्या तशाच होत्या. "वर्ष बदललं त्यानंतर यात एक पुडी पडली नाही," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी डबा लखलखीत घासून आला, आत काही नाही. मी म्हटलं, हा काही शर्मिलाच्या हातचा डबा नव्हे. आजारी असेल. मग दुसऱ्या दिवशीही तसाच. म्हटलं, पोरगी सांगेल आपणहून."

पुड्या जिथे असतात ते कॉफी मशीन पाटीच्या अगदी शेजारी आहे, शर्मिला. मी रोज त्याच्या समोरच उभी राहून डबा पुसत होते. कंपनीची साखर घरी नेणं बरोबर नाही, म्हणून मी एकही पुडी उचलली नाही. त्या एका बाबतीत मी प्रामाणिक राहिले आणि त्यातच सापडले.

मग मी सगळं सांगितलं. सुकटाचं, पाटीचं, सरांचं. आईनं मधे एकदाच विचारलं, "डबा कुणाचा म्हटल्यावर तिनं माझा डबा आपला म्हणून सांगितला. तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"पाटीवर काय लिहिलंस? वाच."

पाटी समोर नव्हती. मी पाठ म्हणून दाखवली.

"अक्षर चांगलं आलं असेल," आई म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "मंदाकिनीबाईंकडे माझा कप बारा वर्षं खिडकीत वेगळा होता. मला रोज दिसायचा, त्यांनाही दिसायचा. मग त्यांच्या सुनेनं एक दिवस उचलून आत ठेवला, कुणी काही बोललं नाही. पण पाटी नव्हती लावली त्यांनी कधी."

मी तुझा जयभीम तेव्हा सांगितला. अडीच महिने उशिरा. तिनं हातातलं सूप खाली ठेवून दोन्ही हात जोडले आणि "जयभीम म्हणावं" म्हणाली, जणू तू दारात उभी आहेस. ते आता इथे तुला पोचवते.

सोमवारी सकाळी ओट्यावर दोन्ही डबे उघडे होते. आई म्हणाली, "आजपासून एकच भरणार. कोणता भरू?"

सोमवारी, काल आणि आज मी डबा न घेताच गेले, कूपनवर जेवले. डब्याची सवय अशी तीन दिवसांत सुटते. आई रोज दोन्ही डबे उघडे ठेवते.

मी काय करायचं ठरवलं आहे ते लिहिते. श्यामसुंदर सर अमेरिकेला गेले आहेत. ते आले की त्यांना भेटून १४ डिसेंबरचं माझं उत्तर अपुरं होतं असं सांगणार आहे, आणि तू वेगळी का बसायचीस ते सहीनिशी कागदावर देणार आहे. तो कागद तुझ्या फाइलला लावा, अशी विनंती करणार आहे. दुसरीकडे कुठे तू अर्ज केलास आणि त्यांनी इथे चौकशी केली तर निदान त्या शेऱ्याशेजारी हा कागद असेल. शेरा पुसला जाईल असं मी म्हणत नाही. पाटी मी लावली, ती मीच काढणार आहे. आणि झाकणावर सुकट वाढणार आहे, गरम करून. कुणी विचारलं कुणाचा डबा, तर या वेळी मी चमचा पुसत बसणार नाही. हे सगळं पुढच्या आठवड्यात.

तू परत ये, मला माफ कर, असलं काही मी मागत नाही. तू चिकटपट्टी कापून दिलीस ती कशासाठी, एवढं मात्र मला कळत नाही. मला मदत म्हणून दिलीस, की मी थांबते का ते बघत होतीस? कधी वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी चालेल. आईच्या बरणीत तुझी साखर आहे. ती म्हणते, तू येशील तेव्हाच चहात पडेल.

तू अजून म्हणत असशील तर तुझीच,
आमू

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. वर 'पुढच्या आठवड्यात' असं लिहिलं आहे. तारीख न लिहिणं ही माझी पळवाट असते, म्हणून दुरुस्त करते. सर रविवारी परततात, दोनदा विचारून खात्री केली. तुला हे पत्र शनिवारपर्यंत मिळेल, म्हणजे मी कचरले तर ते तुला ठाऊक असेल. आईला आत्ताच सांगून आले, कोणता डबा भरायचा ते. सोमवार, १७ एप्रिल, दुपारी सव्वा वाजता.